आधी फल, मग संच

महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमातील नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण 'संच' हे आहे. महिरपी कंसात काही संख्या मांडायच्या, त्यांना घटक म्हणायचे, दोन वर्तुळे एकमेकांत गुंतवून छेद आणि संयोग रंगवायचे, हे बहुतेकांना आठवत असेल. पुढे अकरावीत 'संबंध' येतात आणि त्यांच्या पाठोपाठ 'फल' येते. 'अ' आणि 'ब' असे दोन संच घ्या. 'अ'मधील प्रत्येक घटकाशी 'ब'मधील एक आणि एकच घटक जोडणारा नियम म्हणजे फल. त्याहून वरच्या वर्गात नियम हा शब्दही गळून पडतो आणि विशिष्ट अट पाळणाऱ्या क्रमित जोड्यांचा संच म्हणजे फल, एवढेच उरते. पाया संचाचा आणि त्यावर मजला फलाचा, अशी ही रचना आहे.

रचना म्हणून ती निर्दोष आहे. मात्र ती वाचताना विद्यार्थ्याच्या मनात एक अवघडलेपण राहते. या व्याख्या कोणाला कशासाठी हव्या होत्या? इतक्या कोरड्या, इतक्या व्यापक व्याख्येची गरज कोणत्या प्रश्नामुळे निर्माण झाली? पुस्तक त्यावर गप्प असते, आणि मग व्याख्या ही आकाशातून पडलेली वस्तू आहे असा समज पक्का होतो. वास्तविक इतिहासाचा क्रम पुस्तकाच्या नेमका उलट आहे. फल ही कल्पना संचाच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची. एवढेच नव्हे, तर संचाचा जन्मच फलाविषयीच्या एका भांडणातून झाला. ते भांडण एका साध्या तारेवरून सुरू झाले आणि त्याने पुढे काही माणसांच्या आयुष्याची झोप उडवली. त्या भांडणाची ही हकिकत आहे.

सूत्र म्हणजेच फल

'फल' हा शब्द आपल्या गणिताला नवा नाही. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा ही तीन पदे आर्यभटापासून आहेत, आणि ज्योतिषगणितातील 'मंदफल' तर एका कोनावर अवलंबून बदलणारी राशी होती. म्हणजे एक राशी दुसरीवर अवलंबून असते ही जाण फार जुनी आहे. पण त्या अवलंबून असण्यालाच स्वतंत्र नाव देऊन, त्याचाच अभ्यास करायचा, ही गोष्ट युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. लायब्निट्सने १६७३ च्या हस्तलिखितात यासाठीचा लॅटिन शब्द वापरला. १७१८ साली योहान बेर्नूलीने व्याख्या दिली, तिचा आशय असा की चल राशी आणि स्थिर राशी यांपासून कोणत्याही प्रकारे घडवलेली राशी म्हणजे त्या चलाचे फल. त्याचा शिष्य लेओनार्ड ऑयलर याने १७४८ च्या आपल्या ग्रंथात 'राशी' या शब्दाच्या जागी 'वैश्लेषिक राशिरूप' असे घातले. साध्या भाषेत सांगायचे तर फल म्हणजे सूत्र. बेरीज, गुणाकार, मूळ, घात, ज्या, लघुगणक यांच्या साहाय्याने जे लिहून दाखवता येते ते फल.

या व्याख्येत एक न बोललेले गृहीत आहे. ज्याला नियम आहे ते लिहिता येते, आणि जे लिहिता येत नाही त्याला गणितात स्थान नाही. त्या काळी 'संतत' या शब्दाचा अर्थही आजच्याहून वेगळा होता. संपूर्ण वक्र एकाच सूत्राने व्यक्त होत असेल तर तो संतत. वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी सूत्रे लागली तर तो असंतत, मग तो कागदावर कितीही सलग दिसो. सलगता रेषेत नव्हती, सूत्रात होती.

तंबोऱ्याची तार

या गृहीताला पहिला धक्का दिला तो ताणलेल्या तारेने. दोन्ही टोके घट्ट बांधलेली तार छेडली तर कोणत्या क्षणी तिचा आकार काय असेल, हा प्रश्न दालाँबेरने १७४७ साली सोडवला. त्याचे उत्तर सुंदर होते. सुरुवातीचा आकार अर्ध्या उंचीचा करून तो एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे धावतो, आणि दोहोंची बेरीज म्हणजे तार. पण सुरुवातीचा आकार कोणता असू शकतो? दालाँबेर म्हणाला, तो एका सूत्राने दिलेला असला पाहिजे, नाहीतर कलनशास्त्राचे नियम त्याला लागूच होणार नाहीत. ऑयलरने पुढच्याच वर्षी याला हरकत घेतली. तंबोऱ्याची तार आपण बोटाने ओढतो तेव्हा बोटाखाली एक कोपरा तयार होतो. डावीकडे एक सरळ रेघ, उजवीकडे दुसरी. तिला एक सूत्र नाही. पण तार वाजते. हाताने मुक्तपणे ओढलेला कोणताही वक्र सुरुवातीला घेता आला पाहिजे, असे ऑयलरचे म्हणणे होते. म्हणजे ज्याने फलाची व्याख्या सूत्र अशी केली, त्यालाच स्वतःच्या व्याख्येबाहेर पाऊल टाकावे लागले.

१७५३ साली डॅनिएल बेर्नूली या वादात उतरला. त्याची वाट ध्वनीची होती. एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरही उमटतात. षड्जाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराची ओळख आपल्याकडे संगीताच्या साध्या श्रोत्यालाही असते. तेव्हा तारेचा कोणताही आकार म्हणजे साध्या ज्या-लहरींची बेरीजच असणार, असा बेर्नूलीचा दावा होता. ऑयलर आणि दालाँबेर यांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण बेर्नूली चुकतो आहे यावर मात्र दोघांचे एकमत झाले. गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून कोपरा कसा निघेल? एक सूत्र, मग ते अनंत लांबीचे का असेना, दोन वेगळ्या रेघांना कसे सामावून घेईल?

वाद मिटला नाही. तो थकून थांबला. त्याचे मर्म मात्र नोंदवून ठेवण्यासारखे आहे. प्रश्न तारेचा राहिला नव्हता. गणितात एखादी वस्तू 'आहे' असे म्हणण्याचा अधिकार कशामुळे मिळतो? ती लिहून दाखवता आल्यामुळे, की ती कल्पिता आल्यामुळे?

फूरिये आणि डिरिश्ले

जोसेफ फूरिये हा नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला आणि तेथून परतल्यावर ग्रनोबल येथे प्रांताधिकारी म्हणून नेमला गेलेला माणूस. प्रशासनाच्या कामातून वेळ काढून त्याने उष्णता घन पदार्थांतून कशी पसरते याचा अभ्यास केला आणि डिसेंबर १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेला प्रबंध सादर केला. त्यात बेर्नूलीचा दावा अधिक ठामपणे परत आला होता. एवढेच नव्हे, तर प्रत्येक लहरीचा वाटा किती हे काढण्याची रीतही होती. तो वाटा म्हणजे एका वक्राखालचे क्षेत्रफळ. तपासणाऱ्यांत लाग्रांज होता, आणि तरुणपणी तारेच्या वादात भाग घेतलेल्या या वृद्ध गणितज्ञाला ते मान्य होण्यासारखे नव्हते. १८११ च्या सुधारित प्रबंधाला पारितोषिक मिळाले, पण काटेकोरपणा कमी असल्याच्या शेऱ्यासह. ग्रंथ प्रसिद्ध व्हायला १८२२ साल उजाडले.

फूरियेने जे केले त्याचा परिणाम खोल होता. एका टप्प्यात वर, दुसऱ्या टप्प्यात खाली, अशी पायऱ्यांसारखी तुटक उडी मारणारी आकृती त्याने गुळगुळीत लहरींच्या अनंत बेरजेने मांडून दाखवली. म्हणजे 'एक सूत्र' आणि 'अनेक तुकडे' हा ऑयलरच्या काळचा भेदच कोसळला. एकच आकृती एका दृष्टीने एक सूत्र होती आणि दुसऱ्या दृष्टीने अनेक तुकडे. फल म्हणजे सूत्र, ही व्याख्या आता काहीच सांगत नव्हती.

मग फल म्हणजे काय? पॅरिसमध्ये विद्यार्थिदशेत फूरियेच्या सहवासात आलेल्या डिरिश्लेने या प्रश्नाला हात घातला. १८२९ साली त्याने फूरियेची बेरीज कोणत्या अटींवर खरोखर मूळ फलाकडे जाते हे प्रथमच नीट सिद्ध केले, आणि त्या लेखाच्या शेवटी एक विलक्षण उदाहरण दिले. 'क्ष' परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. हे फल काढून दाखवता येत नाही. कितीही लहान अंतर घेतले तरी त्यात परिमेय आणि अपरिमेय अशा दोन्ही संख्या असतात. त्यामुळे रेघ क्षणोक्षणी वर-खाली उडते. त्याच्या खालचे क्षेत्रफळ काय, हा प्रश्नही तेव्हाच्या अर्थाने निरर्थक ठरतो, म्हणून फूरियेची रीतही तेथे चालत नाही. पण प्रत्येक 'क्ष'ला एक आणि एकच किंमत मिळते, यात शंका नाही. १८३७ च्या लेखात डिरिश्लेने स्पष्ट केले की 'क्ष'वरचे हे अवलंबन सर्वत्र एकाच नियमाने असण्याची किंवा गणिती क्रियांनी व्यक्त होण्याची गरज नाही. आज आपण शिकतो ती व्याख्या जवळजवळ येथे आली.

दार उघडले आणि त्यातून अनेक चमत्कारिक प्राणी आत आले. १८७२ साली बर्लिनमध्ये वायरश्ट्रासने असे फल सादर केले की जे सर्वत्र सलग आहे, पण कोठल्याही बिंदूपाशी त्याला स्पर्शिका नाही. त्याला जणू सर्वत्र कोपरेच आहेत. ऑयलरच्या तारेला एक कोपरा होता, येथे कोपऱ्यावाचून दुसरे काही नव्हते. जुन्या पिढीला हे रुचले नाही. फ्रेंच गणितज्ञ एर्मीत याने एका पत्रात अशा फलांचा उल्लेख साथीच्या रोगासारखा केला. परंतु ही फले अस्तित्वात होती, आणि त्यांचे वर्तन समजून घ्यायचे तर सूत्रांकडे पाहून भागणार नव्हते. कोणत्या बिंदूंवर काय घडते, ते बिंदू किती आहेत, कसे विखुरलेले आहेत, हे पाहणे भाग होते. बिंदूंचा समूह ही स्वतंत्र वस्तू होण्याची वेळ आली होती.

हालेचा प्राध्यापक

गेओर्ग कँटर १८६९ साली हाले येथील विद्यापीठात रुजू झाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तेथील ज्येष्ठ सहकारी हायने याने त्याला एक प्रश्न सुचवला. एखादे फल लहरींच्या बेरजेने मांडता येत असेल, तर ती मांडणी एकमेव असते का? १८७० मध्ये कँटरने होकारार्थी उत्तर दिले. मग त्याने विचारले, काही बिंदूंकडे दुर्लक्ष केले तर? मोजके बिंदू वगळले तरी सिद्धता टिकली. अनंत बिंदू वगळले तर? १८७२ च्या लेखात त्याने दाखवले की काही अनंत बिंदुसमूहही वगळता येतात, फक्त ते एका विशिष्ट रीतीने गर्दी करणारे हवेत. समूहातील बिंदू ज्या ठिकाणी दाटतात त्या ठिकाणांचा नवा समूह करायचा, त्याचा पुन्हा तसाच, आणि काही पायऱ्यांनंतर काहीच उरत नसेल तर मूळ समूह निरुपद्रवी. येथे प्रथमच बिंदूंचा समूह हा हातात घेऊन त्यावर क्रिया करण्याचा पदार्थ झाला. संचसिद्धांताचे बीज हे. ते तर्कशास्त्राच्या चिंतनातून रुजले नाही. उष्णतेच्या आणि तारेच्या गणितातून रुजले.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये कँटरची रिचर्ड डेडेकिंडशी गाठ पडली. कँटर अधीर, डेडेकिंड संथ. त्यांचा पत्रव्यवहार हा गणिताच्या इतिहासातील एक हृद्य दस्तऐवज आहे. २९ नोव्हेंबर १८७३ च्या पत्रात कँटरने विचारले, की १, २, ३ अशा नैसर्गिक संख्या आणि रेषेवरच्या सर्व वास्तव संख्या यांची एकास एक संगती लावता येईल का? परिमेय संख्यांची लावता येते. डेडेकिंडने बैजिक संख्यांचीही लागते हे कळवले. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कँटरला सिद्धता सापडली: संगती लागत नाही. अनंत एकच नाही. एका अनंताहून दुसरे अनंत मोठे असू शकते. १८७४ साली ती छापून आली, पण लेखाच्या शीर्षकात उल्लेख होता तो फक्त बैजिक संख्यांच्या एका गुणधर्माचा. डेडेकिंडच्या वाट्याचाही उल्लेख लेखात नव्हता. ही पत्रे १९३७ साली प्रसिद्ध झाली, ती एमी नोएथर आणि जाँ काव्हाये यांच्या संपादनाने. नोएथर तोपर्यंत जर्मनीतून बाहेर पडून परदेशात वारली होती आणि काव्हायेला पुढे १९४४ मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या.

१८७७ मध्ये कँटरने त्याहून अजब गोष्ट दाखवली. चौरसातील बिंदू आणि त्याच्या एका बाजूवरील बिंदू यांची एकास एक संगती लागते. कल्पना सोपी आहे. चौरसातील बिंदूचे दोन निर्देशक दशांशात लिहा आणि त्यांचे अंक आलटून पालटून घेऊन एकच दशांश करा. डेडेकिंडने यातील एक फट दाखवली, कँटरने दुसऱ्या वाटेने ती बुजवली, आणि कळवले की आपल्याला हे दिसते आहे पण त्यावर विश्वास बसत नाही. डेडेकिंडने शांतपणे उत्तर दिले की ही संगती सलग नाही; जवळचे बिंदू दूर फेकले जातात, म्हणून मितीची कल्पना मोडीत निघत नाही. हे म्हणणे पूर्णपणे सिद्ध झाले ते १९११ मध्ये, ब्राउवरकडून. येथे लक्षात घ्यायचे ते असे, की दोन संचांची तुलना करणारी ही 'संगती' म्हणजे दुसरे काही नसून फलच आहे, आणि तेही डिरिश्लेच्या मुक्त अर्थाने. सूत्राच्या बंधनातून फल सुटले नसते तर अनंत मोजण्याचे मापच हाती आले नसते.

बर्लिनमध्ये क्रोनेकरचा या साऱ्याला कडवा विरोध होता. पूर्णांकांपासून मोजक्या पायऱ्यांत जे घडवता येत नाही ते गणित नव्हे, ही त्याची भूमिका. कँटरला बर्लिनला जायचे होते. ते कधीच घडले नाही. १८८४ मध्ये त्याला मनोविकाराचा पहिला मोठा झटका आला. पुढे ते झटके वारंवार येत राहिले आणि ६ जानेवारी १९१८ रोजी हालेच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. क्रोनेकरच्या विरोधाने त्याला वेड लावले असे सांगण्याची प्रथा आहे. ते फार सोपे स्पष्टीकरण झाले. आजार त्याचा होता. पण ज्या प्रश्नावर आयुष्य लावले तो प्रश्नच अवैध आहे, असे एका थोर गणितज्ञाकडून ऐकत राहणे हे ओझे खोटे नव्हते.

एक युक्ती, दोन निकाल

१८९१ साली जर्मन गणितज्ञांच्या नव्या संघटनेच्या हालेतील पहिल्या सभेत कँटरने एक छोटीशी सिद्धता मांडली. ती येथे देण्याचा मोह आवरत नाही.

एक संच घ्या. त्याच्या प्रत्येक घटकाला ० किंवा १ एवढीच किंमत देणारी सर्व फले विचारात घ्या. ही फले घटकांपेक्षा जास्त आहेत का? समजा, नाहीत, प्रत्येक घटकाला आपापले एक फल नेमून दिले आहे आणि एकही फल उरलेले नाही. आता एक नवे फल बनवा. 'क्ष' या घटकापाशी, 'क्ष'ला नेमून दिलेले फल जी किंमत घेते तिच्या उलट किंमत याने घ्यायची; तेथे ० असेल तर १, आणि १ असेल तर ०. हे नवे फल प्रत्येक नेमलेल्या फलाहून निदान एका ठिकाणी वेगळे आहे. म्हणजे ते यादीत नाही. म्हणून फले घटकांहून नेहमीच जास्त. प्रत्येक ०-१ फल म्हणजे एक उपसंच, ज्या घटकांना १ मिळाला त्यांचा. तेव्हा कोणत्याही संचाचे उपसंच त्याच्या घटकांहून जास्त असतात, आणि अनंतांची शिडी कधीच संपत नाही.

दहा वर्षांनी बर्ट्रंड रसेल याच युक्तीवर विचार करत होता. सर्व वस्तूंचा संच घेतला तर त्याहून मोठे काही कसे असेल? त्याने कँटरची सिद्धता त्या संचावर चालवली आणि एक विचित्र समूह समोर आला: जे स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा संच. तो स्वतःचा घटक आहे का? असेल तर नाही, नसेल तर आहे. १६ जून १९०२ रोजी त्याने गोटलोब फ्रेगेला पत्र लिहिले. फ्रेगेने अंकगणित केवळ तर्कशास्त्रावर उभारण्यात आयुष्य घालवले होते आणि त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. त्याच्या पाचव्या मूलभूत नियमाचा अर्थ असा की प्रत्येक फलाला, आणि म्हणून प्रत्येक संकल्पनेला, तिच्या व्याप्तीची एक वस्तू मिळतेच. म्हणजे फलाचा संच करण्याचा मुक्त परवाना. रसेलचा घाव नेमका तेथे बसला. फ्रेगेने आठवडाभरात उत्तर दिले, चूक कबूल केली आणि १९०३ च्या खंडाला परिशिष्ट जोडून आपल्या इमारतीचा पाया हलला आहे हे जगापुढे मांडले. विद्वत्तेच्या प्रामाणिकपणाचे याहून मोठे उदाहरण सांगणे कठीण आहे.

१९०८ मध्ये त्सेर्मेलोने संचांसाठी गृहीतके घालून दिली. वाटेल त्या गुणधर्मावरून संच करता येणार नाही. आधीच असलेल्या संचातून तेवढा भाग वेगळा काढता येईल. त्यातून आपत्ती टळली. पण त्याच त्सेर्मेलोने १९०४ साली दुसरा वाद पेटवला होता. रिक्त नसलेल्या कितीही संचांतून एकेक घटक निवडणारे फल असतेच, मग निवडीचा नियम सांगता येवो वा न येवो, असे त्याचे गृहीतक होते. बोरेल, बेर, लबेग या फ्रेंच गणितज्ञांनी १९०५ मध्ये त्याला हरकत घेतली: नियम सांगता येत नाही ते फल आहे असे कसे म्हणायचे? दालाँबेर आणि ऑयलर यांचाच संवाद, दीडशे वर्षांनी, नव्या वेषात. गंमत अशी की याच विरोधकांनी आपापल्या सिद्धतांत हे गृहीतक नकळत वापरले होते, हे पुढे उघड झाले.

वंशावळ उलटते

१९१४ साली फेलिक्स हाउसडॉर्फने संचसिद्धांतावरील आपल्या ग्रंथात फल म्हणजे जोड्यांचा संच, अशी व्याख्या स्वीकारली. १९२१ मध्ये कुरातोव्स्कीने क्रमित जोडीसुद्धा केवळ संचांतूनच कशी घडवायची ते दाखवले. मुलाने बापाला दत्तक घ्यावे तसे संचाने फलाला आपल्या घरात घेतले. येथून पुढे पाठ्यपुस्तकाचा क्रम सुरू होतो. हाउसडॉर्फ मात्र ज्यू होता. छळछावणीत रवानगी होण्याची वेळ आली तेव्हा २६ जानेवारी १९४२ रोजी त्याने, त्याच्या पत्नीने आणि मेहुणीने बॉन येथे जीवनाचा शेवट करून घेतला.

हा क्रम जगभरच्या वर्गांत पोहोचवण्यात ज्या फ्रेंच गटाचा मोठा वाटा आहे त्याचे टोपणनाव निकोला बुर्बाकी. रिक्त संचाचे, शून्याला तिरका छेद दिलेले चिन्ह या गटातील आंद्रे वेल याने सुचवलेले आहे. वेल १९३० ते १९३२ या काळात अलीगढला प्राध्यापक होता, आणि त्याने तेथे बोलावलेल्या तरुणांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. वेलच्या सूचनेवरून कोसंबींनी एक गंभीर चेहऱ्याचा विनोद केला. बुर्बाकी नावाच्या, मुळात नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचे व्यापकीकरण म्हणून त्यांनी एक लेख छापला. पॅरिसमधला गट जमला तो १९३४-३५ मध्ये. तेव्हा 'बुर्बाकी' हे नाव गणिताच्या नियतकालिकात प्रथम छापले गेले ते गोव्यात जन्मलेल्या आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेल्या एका माणसाच्या लेखणीतून. इतिहासकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्यांच्या चरित्रातील हा तुकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

आता मूळ भांडणाकडे. त्याचा निकाल काय लागला? कँटरच्या मापाने तो चक्क मोजता येतो. मोजक्या चिन्हांच्या साहाय्याने लिहिता येणारी सूत्रे ओळीने मांडता येतात: आधी एका चिन्हाची, मग दोन, मग तीन. म्हणून ती नैसर्गिक संख्यांएवढीच आहेत. हाताने ओढता येतील असे सलग वक्र त्याहून जास्त, रेषेवरच्या बिंदूंएवढे; कारण परिमेय ठिकाणच्या किमती कळल्या की सलग वक्र पुरता ठरतो. आणि डिरिश्लेच्या अर्थाची सर्व फले त्याहूनही जास्त, हे १८९१ च्या सिद्धतेतून निघते. दालाँबेरचे जग, ऑयलरचे जग आणि डिरिश्लेचे जग या तीन वेगवेगळ्या अनंतांच्या पायऱ्या आहेत. जवळजवळ सर्व फले अशी आहेत की त्यांचे सूत्र कोणी कधी लिहू शकणार नाही.

मात्र या पायऱ्यांमध्ये आणखी एखादी पायरी आहे का? नैसर्गिक संख्या आणि रेषेवरचे बिंदू यांच्या मधले एखादे अनंत? नाही, असा कँटरचा कयास होता. तो सिद्ध करण्यासाठी तो वर्षानुवर्षे झुरला. १९०० साली पॅरिसमध्ये हिल्बर्टने आपल्या प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न पहिला ठेवला. संचांची प्रचलित गृहीतके परस्परविरोधी नसतील तर त्यांवरून हा कयास खोडता येत नाही, हे गोडेलने १९३८ ते १९४० या काळात दाखवले, आणि सिद्धही करता येत नाही हे पॉल कोहेनने १९६३ मध्ये. कँटरला उत्तर सापडत नव्हते ते त्याच्या बुद्धीच्या उणिवेमुळे नव्हे. त्याला हे कळण्याचा मार्ग त्याच्या हयातीत नव्हता.

नववीच्या मुलाला हे सारे सांगावे असे कोणी म्हणणार नाही. संचापासून आरंभ करणे सोयीचे आहे आणि ती सोय खऱ्या श्रमांतून मिळालेली आहे. पण अकरावीत फलाची व्याख्या फळ्यावर लिहिताना 'नियम' या शब्दापाशी शिक्षकाने क्षणभर थांबावे आणि विचारावे, की नियम सांगता आलाच पाहिजे का? वर्गात दोन तट पडतील. दोन्ही बाजूंना मोठी माणसे उभी होती, हे मग सांगता येईल.